फुलचूरच्या घरातला समुद्र

दादा परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर एक पोतं होतं, आणि मायला वाटलं पोरगा तांदूळ घेऊन आला. गोंदियात बाहेरून तांदूळ आणायचा म्हणजे काय बाप्पा! इथं जिकडे पाहावं तिकडे राइस मिल, उन्हाळ्यात वाळत घातलेल्या कपड्यांवर कोंड्याची धूळ बसते. तरी मायचा जीव तो. तिनं पोत्याला बाहेरून हात लावला, आत भुरभुरीत लागलं, तशी म्हणाली, "एवढ्या दुरून कायले आनलास रे? तेथचा तांदूळ का आपल्यापेक्षा बरा हाय?" दादानं पोतं कोपऱ्यात ठेवलं, पत्र्याची पेटी ठेवली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. मायनं पोत्याचं तोंड सोडून चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि थू थू करत उठली. मीठ होतं. आम्ही दोघी हसलो. दादा हसला नाही, आणि मग आमचंही हसू तिथंच थांबलं.

माझा हा भाऊ, मिलिंद, माझ्याहून मोठा. दहावीला दोनदा आपटला, मग मागच्या गल्लीतल्या दिलीपसोबत ठेकेदाराच्या ट्रकमध्ये बसून कोकणात गेला. दोघं एका बंदरावर मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून लागले. आमच्याकडच्या पोट्ट्यांनी तलाव पाहिलेले, शेतातली बोडी पाहिलेली, समुद्र कोणाच्या बापानं पाहिला होता? पावसाळ्यात बोटी बंद असत, तेव्हा दादा तिथल्या एका दुकानात कामाला राही. लोक शोभेसाठी काचेच्या टाकीत समुद्राचे रंगीत मासे पाळतात, त्यांचं ते दुकान होतं. सुट्टीत घरी आला की त्या माशांचं वर्णन करून आम्हाला वेड लावायचा. दिलीप शेजारी बसून म्हणायचा, "याले मासे खाण्यापेक्षा पाहण्यातच मजा येते, येडा हाय." मग एक दिवस चौकातल्या एसटीडीवाल्याचा पोरगा धावत आला. फोन होता. दिलीप बोटीवरून समुद्रात पडला होता आणि सापडला नव्हता. दिलीपचे आईवडील घराला कुलूप लावून बालाघाटकडे लेकीच्या गावी निघून गेले. आणि काही आठवड्यांनी दादा आला, मिठाचं पोतं घेऊन.

आता माझे केस पिकत चालले, पुष्कळ काही विसरते, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. पण ते दिवस अजून जसेच्या तसे आठवतात. आम्ही त्या घरात भीत भीत राहत होतो. दादा बोलत नव्हता. विचारलं तर हो-नाही, तेवढंच. झोपत तर अजिबात नव्हता. केव्हाही पाहावं, डोळे उघडे. दुपारी आम्ही जेवून जरा कलंडायचो तेव्हा तो तसाच बसलेला, पहाटे मी उठून चूल पेटवायची तेव्हाही तसाच. डोळ्यांखाली काळं पडलं होतं, गाल आत गेले होते. मायनं त्याच्यासाठी वांग्यात सुकट टाकून भाजी केली, त्याची लहानपणापासूनची आवडती. वास आल्याबरोबर तो ताटावरून उठून अंगणात गेला. तेव्हापासून आमच्या घरात मासा शिजला नाही. लाखोळीची डाळ, भात, अंबाडीची भाजी, पुन्हा लाखोळीची डाळ. तेही चार घास.

एक दिवस मी पाहिलं, विहिरीचा दोर जागेवर नव्हता. विचारलं तर मायनं तोंडावर बोट ठेवलं. दोर, उंदराचं औषध, बाबांचे फवारणीचे डबे, सगळं उचलून तिनं धान्याच्या कोठीत टाकलं होतं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवली होती. त्या दिवशी मला कळलं की माय कशाला भिते आहे. त्यानंतर आम्ही दोघींनी दादाला घरात एकटं सोडलं नाही. मी कॉलेजला गेले की ती घरी, ती बाजारात गेली की मी घरी. तो संडासला गेला तरी माझं लक्ष दाराच्या कडीकडे.

आणि अशातच एक दिवस दादा आपणहून बोलला. "काच पायजे," म्हणाला. मायच्या हातातली परातच खाली पडली. "काच कायले रे?" "टाकी करतो. समुद्राची." बाबा तेव्हा सायकलची चेन चढवत होते. ते तसेच काळ्या हातांनी उठले आणि म्हणाले, "देऊ. आजच देऊ." आत येऊन मायला हळूच म्हणाले, "पोरगा काहीतरी मागून राहिला ना, मंग कायले विचारतेस? चांद मागितला तरी हो म्हन."

आता इथं बाबांबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. बाबा मलेरियाचे कर्मचारी होते. आमचा जिल्हा जंगलाचा, धानाच्या बांध्यांचा, तलावांचा. तापानं घरंच्या घरं झोपायची. बाबांचं काम दारोदार जायचं, तापलेल्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, आणि मुख्य म्हणजे साठलेलं पाणी शोधायचं. रांजण, टायर, कुंड्या, फुटके माठ, सगळ्यांत ते बॅटरी मारून पाहत. आठवड्यातून एक कोरडा दिवस असे. त्या दिवशी मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरानं पाण्याची भांडी पालथी करायची, घासायची, उन्हात ठेवायची. जी टाकी मोठी म्हणून रिकामी करता येत नाही तिच्यात बाबा गप्पी मासे सोडत. बोटभराचा तो मासा, डासांच्या अळ्या खातो. दवाखान्याच्या मागच्या हौदात बाबांनीच ते वाढवले होते आणि त्यांना ते पोटच्या लेकरांसारखे जपत. "साठलं पानी, मरनाची निशानी," हे ते इतक्या वेळा ओरडले होते की मोहल्ल्यातली शेंबडी पोरं त्यांच्या सायकलमागे तेच ओरडत धावत. आणि आता याच माणसाच्या घरात, दर्शनी खोलीत, पाणी साठणार होतं.

काचवाल्याकडून टाकी आली. माझ्या कॉलेजच्या टेबलापेक्षा मोठी. दादानं पेटी उघडली. आत कपडे नव्हतेच जवळजवळ. पांढरी जाड रेती, शिंपल्यांचा चुरा, भोकाभोकांचे दगड, पाणी फिरवायची मोटर, तिच्या नळ्या, आणि एका डब्यात छोट्या बाटल्या. हे सगळं त्या दुकानाच्या मालकानं निघताना दिलं होतं म्हणे. बोरिंगचं पाणी भरून त्यानं दोन दिवस ठेवलं, मग मीठ विरघळवलं. काचेची एक बंद नळी पाण्यात सोडून ती कुठपर्यंत बुडते ते पाहत राहिला. कधी मीठ वाढवलं, कधी पाणी. त्याचे हात चालताना पाहून मायनं पदर तोंडाला लावला. मोटर सुरू झाली. घरात एक बारीक घरघर सुरू झाली ती सारखी, आणि पाण्यावर लाट उठू लागली. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली आमच्या फुलचूरच्या घरात समुद्र लागला होता. मी म्हटलं, "आता मासे कधी?" दादा म्हणाला, "इतक्यात नाई. पानी मुरू दे."

दुसऱ्या दिवशी त्यानं मायला झिंगे आणायला सांगितले. मायचा आनंद काय सांगू! पोरगा मासळी खातो म्हणतो, असं वाटून ती बाजारातून ताजे टपोरे झिंगे घेऊन आली, सांबार म्हणजे कोथिंबीर निवडली, लसूण ठेचला. दादानं त्यातले मूठभर झिंगे कच्चेच उचलले आणि टाकीत टाकले.

"अव माय! मासे नाईत तं कोन खाईल ते?"

"कोनी नाई. सडतीन."

"सडतीन?"

"सडले का त्याचं विष होते पान्यात. मंग ते विष खानारे बारीक जीव तयार होतेत, डोऱ्याले दिसत नाईत. ते पुरते वाढले का मंग मासे सोडाचे. आधीच सोडले तं मरतेत."

एवढं मोठं बोलणं त्यानं आल्यापासून पहिल्यांदाच केलं होतं. पण मायच्या कानात एकच शब्द राहिला. ती मागच्या अंगणात माझा हात धरून म्हणाली, "तो घरात विष बनवून राहिला, बाई." मी तिला पुष्कळ समजावलं. मी बी.ए.ला, विज्ञानाचं मला किती ते तुम्हीच समजा, पण म्हटलं, दुधात विरजण लावतो तसंच आहे ते, वेळ द्यावा लागतो. "विरजनाले झिंगे लागत नाईत," ती म्हणाली.

मग सुरू झालं थांबणं. दादा रोज सकाळी नळीत टाकीचं पाणी घ्यायचा, बाटलीतले थेंब टाकायचा आणि दारात उजेडाला धरायचा. पिवळं राहिलं तर पाणी स्वच्छ, हिरवं झालं तर विष. आधी फिकट हिरवं, मग पोपटी, मग पार गडद. आम्ही तिघंही आपापल्या कामातून त्या नळीकडे पाहायचो. मायची भाकर तव्यावर करपायची. हिरवा गडद होत होता तसं मला वाटायचं, हे पाणी जर पिवळं झालंच नाही तर? दादाचा तो एकच धागा होता, दिसतच होतं. तो टाकीसमोर बसायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांत काहीतरी वाट पाहणं असायचं. ते गेलं तर मागं काय उरणार? माय एकदा बोललीच, "बाई, हे पानी नासलं तं पोरगा गेला समज." मी तिच्यावर ओरडले, असं अभद्र कशाला बोलतेस म्हणून. पण मला तेच वाटत होतं.

वास तर असा सुटला की विचारू नका. सडलेल्या झिंग्यांचा वास उन्हाळ्याच्या तोंडावर, पत्र्याच्या घरात. आमच्या कपड्यांना, उशांना, माझ्या वेणीला तो वास. कॉलेजात पोरी माझ्यापासून अंतर राखून बसत. त्यात लोडशेडिंग. वीज गेली की मोटर बंद, आणि मोटर बंद की दादा ताडकन उठायचा. पाण्याला हवा लागली पाहिजे, नाहीतर ते न दिसणारे जीव गुदमरतात. मग तो लोट्यानं पाणी उचलायचा आणि उंचावरून टाकीत ओतायचा. उचलायचा, ओतायचा. तास तास. त्याचे हात भरून आले की मी लोटा घ्यायचे, मग माय. आजही माझ्या घरातला फ्रिज मध्येच थांबला की मी हातातलं काम टाकून उभी राहते. पोरं हसतात. हसोत बापडी.

मोहल्ल्यात कुजबुज सुरू झालीच होती. समोरच्या चाचीच्या नातवाला ताप आला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून आमच्या फाटकात उभी राहिली. "भाईसाब, हमारे घर का तो मटका तक उलटवा देते हो, और अपने घर में तालाब सड़ा के रखा है? ये कौन सा कायदा है?" बाबांनी मान खाली घातली. माझ्या बाबांनी मोहल्ल्यात कोणापुढं मान खाली घातलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. नातवाच्या रक्तात काही निघालं नाही, साधा ताप होता, पण तक्रार बाबांच्या साहेबांपर्यंत गेली. साहेब म्हणाले, येत्या कोरड्या दिवशी मी स्वतः येतो, तुमच्याच घरापासून सुरू करू.

बाबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. साहेब म्हणजे त्यांना वाघ. साहेबांची मोटारसायकल चौकात वाजली की ते बसल्या जागी उभे राहत. मायनं विचारलं, "मंग आता? टाकी रिकामी करान?" बाबा म्हणाले, "करून पाहू का? तूच सांग." मायनं गळ्यातल्या किल्लीला हात लावला.

कोरड्या दिवसाची सकाळ. मोहल्ल्यात सगळीकडे रांजण घासल्याचा आवाज, नारळाच्या शेंड्या, राख, ओट्यांवर पालथ्या घातलेल्या बादल्या. दादानं नळी उजेडाला धरली. हिरवा जरा उतरला होता. मला तर वाटलं भ्रम आहे, पण तोही दोनदा पाहत होता. मग त्यानं पायात चप्पल घातली. "स्टेशनच्या बाजारात जातो. सेलवर चालनारी मोटर भेटते का पाहतो." आल्यापासून तो पहिल्यांदा फाटकाबाहेर चालला होता. मायला आनंद करावा की घाबरावं कळेना. ती रस्त्याच्या वळणापर्यंत त्याच्या मागं पाहत उभी राहिली आणि आत येऊन म्हणाली, "सोबत जायचं होतं गं तू." रेल्वेची पटरी तिकडंच आहे, हे तिनं बोलून दाखवलं नाही.

थोड्या वेळानं बाबा आले. सायकलच्या हँडलला प्लास्टिकची पिशवी, पिशवीत गप्पी. आणि चेहऱ्यावर काय ते समाधान! रात्रभर विचार करून माणसाला तोड सापडली होती. "ज्या टाकीत गप्पी हाय त्या टाकीले कोरडा दिवस लागत नाई. कायदाच हाय तसा. साहेब का म्हनतीन? आन् पोराले बी मासे भेटले. किती दिवस नुसतं पानी पाहत बसंल तो?" मी म्हटलं, "बाबा, थांबा. पाणी खारं आहे. आणि विष उतरलं नाही अजून." ते म्हणाले, "अवं, गप्पी हाय ते! नालीत जगते, गटारात जगते, माह्या हातचे हायत." मी त्यांचा हात धरायला पुढं झाले तोवर त्यांनी पिशवी उलटी केली होती.

मासे खाली गेलेच नाहीत. बुचं तरंगावीत तसे वरच्या वर लटपटत राहिले. एक गिरकी, दुसरी गिरकी, मग आडवे. बाबा वाकून पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू कसं गेलं ते मी पाहिलं, आणि ते मला पुन्हा कधी पाहायचं नाही. "अरे... अरे, का झालं यायले?" माय स्वयंपाकघरातून चहाची गाळणी घेऊन धावली. "काढा आधी! तो येईल! काढा!" आम्ही तिघं टाकीवर ओणवे. मी बादलीत गोडं पाणी घेतलं, माय गाळणीनं उचलायची, बाबा ओंजळीनं. कोणी बादलीत हललं, कोणी नाही. मोटरच्या पाण्यानं दोन-चार मेलेले दगडांमागं ओढून नेले. बाबांनी शर्टाच्या बाहीसकट हात आत घातला तर रेती उसळून सगळं पाणी गढूळ झालं. मी मनात एकच म्हणत होते, त्याला दिसू नये. पाण्यात मेलेलं काही त्याला दिसू नये.

फाटक वाजलं.

दादा दारात उभा राहिला. हातात पिशवी होती. त्यानं ओली फरशी पाहिली, बादली पाहिली, बाबांची निथळती बाही पाहिली. मग टाकी. गढूळ पाण्यातून एक गप्पी वर आला, पोट वर करून, आणि काचेला लागून राहिला. मायनं माझा दंड इतका गच्च धरला की पुढं कितीतरी दिवस तिथं बोटांचे वळ होते. मला वाटलं, संपलं. आता हा मागं वळेल आणि चालायला लागेल आणि आम्ही त्याला पुन्हा पाहणार नाही.

बाबा म्हणाले, "म्या टाकले. पोरीचा दोष नाई."

आणि दादा ओरडला. "अक्कल हाय का तुमाले?" त्याचा आवाज इतक्या दिवसांत वापरलेला नव्हता, फाटला. "कोनाले विचारून टाकले? विचारलं काऊन नाई मले? मी मेलो होतो का?" आमच्या घरात बाबांना उलटून बोलायची कोणाची छाती नव्हती. मी मध्ये पडायला निघाले तर मायनं मला मागं खेचलं. "बोलू दे," ती कुजबुजली. "बोलू दे त्याले." तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहरा, काय सांगू, उजळला होता.

"मी येथीच होतो ना! बाजारात तं गेलो होतो! थांबाचं होतं. हाक माराची होती. एक हाक मारली असती तं आलो असतो मी धावत." तो थांबला. श्वास घेतला. "एक हाक तं माराची होती त्यानं."

त्यानं म्हणजे कोणी, हे आम्हाला कोणाला विचारावं लागलं नाही.

तो जमिनीवर बसला आणि सांगू लागला. टाकीकडे पाहत, आमच्याकडे नाही. त्या दिवशी जाळं ओढून झालं होतं आणि पहारा दादाचा होता. त्याला ताप होता. दिलीप म्हणाला, "तू झोप बे, मी पाहतो." दादा खाली जाऊन झोपला. असा झोपला की कोणी हलवून उठवलं तेव्हाच जागा झाला. वर चहा झाला होता, दिलीपचा गिलास भरून ठेवलेला होता, आणि दिलीप कुठंच नव्हता. "इंजिनात ऐकू आलं नसंल. का त्यानं हाकच मारली नसंल. मी झोपलो होतो ना. माहा पहारा होता आन् मी झोपलो होतो." हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. इतके दिवस तो का झोपत नव्हता ते तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं. आम्ही त्याच्यावर पहारा देत होतो, आणि तो बसल्या बसल्या त्या बोटीवर अजून आपला राहिलेला पहारा देत होता.

बाबा त्याच्या शेजारी खाली बसले. ओल्या हातात एक मेलेला गप्पी होता, तो त्यांनी दाखवला. "हे माह्या हातानं मेले," ते म्हणाले. "म्या टाकले, मेले. तुले ताप होता, तू झोपला. तापात मानूस झोपतेच. माहा सारा जनम तापाच्या लोकायले पाहन्यात गेला, मले नको सांगू. दिलीपले समुद्रानं नेलं, बाप्पा. तू नाई नेलं." दादानं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि असा रडला की समोरची चाची ओट्यावर येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

रडता रडता तो तिथंच, ओल्या फरशीवर, आडवा झाला. मायनं डोक्याखाली उशी सरकवली. आणि डोळे मिटले त्याचे. आम्ही तिघं त्याच्याभोवती उभे. आनंद व्हायला हवा होता ना? छे! इतक्या दिवसांनी मिटलेले ते डोळे पाहून भीतीच वाटली. माय वाकली आणि त्याच्या नाकाखाली बोट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग बाबांनी धरलं. तेवढ्यात दादा घोरायला लागला.

आणि वीज गेली. मोटरची घरघर थांबली, आणि आम्ही तिघंही जागच्या जागी गोठलो, कारण ती थांबली की तो ताडकन उठायचा, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. तो उठला नाही. बाबांनी खुणेनंच लोटा मागितला. त्यांनी पाणी उचललं आणि ओतलं, अगदी काचेच्या कडेनं, आवाज होऊ नये म्हणून. मेलेले मासे मायनं एकेक करून काढले. मग मी ओतलं. टाकीत एकही मासा नव्हता, पाणी गढूळ होतं, तरी आम्ही ओतत होतो, कारण उठल्यावर तो पहिल्यांदा नळीत पाणी घेणार हे आम्हाला ठाऊक होतं.

साहेबांची मोटारसायकल फाटकाशी आली तेव्हा लोटा बाबांच्या हातात होता. गाडी धडधडत उभी होती आणि साहेब बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाले, "काय हो, दाखवा तुमचा तो तलाव." बाबा गेले. मी खिडकीतून पाहत होते. नेहमीसारखे ते आखडून उभे राहिले नाहीत, हात जोडले नाहीत. ओली बाही, हातात लोटा. त्यांनी आधी हात पुढं करून गाडीची चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. साहेबांच्या गाडीचं! मायनं माझ्या कानाशी "अव माय" केलं.

"साहेब, हळू बोला," बाबा म्हणाले. "पोरगा झोपला हाय."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग उघड्या दारातून आत. फरशीवर आडवा पडलेला दादा त्यांना तिथूनही दिसला असणार, घोरणं तर रस्त्यावर ऐकू येत होतं. ते काय समजले, किती समजले, देव जाणे. गाडीवरून उतरले, हँडल धरलं, आणि एवढा मोठा साहेब ती जड मोटारसायकल हातानं ढकलत चौकाच्या वळणापर्यंत घेऊन गेला. किक त्यांनी तिथं गेल्यावर मारली.